वरच्या सभागृहाचे अधिकार कापायचे, पण नेमके कुठे?

प्रश्न असा विचारलाय की लोकांनी थेट निवडून दिलेल्या सभागृहाने पास केलेलं बिल दुसरं सभागृह अडवून बसत असेल तर संविधानात नेमकं काय बदललं म्हणजे तोल नीट होईल, का सरळ वरचं सभागृहच रद्द करून टाकावं. सोबत विधान परिषदेबद्दलही विचारलंय, त्यावर शेवटी येतो. माझं काम बरीच वर्षं बिलांच्या ड्राफ्टिंगचं, त्यामुळे मी हे सगळं राजकारणाच्या बाजूने कमी आणि कलमांच्या बाजूने जास्त बघतो, एवढं आधीच सांगून ठेवतो.

बहुतेक लोक चर्चा सुरू करतात ती "अधिकार किती" इथून. व्हेटो आहे का, बजेटवर मत देता येतं का, सरकार पाडता येतं का वगैरे. माझ्या मते हे सगळे नंतरचे प्रश्न. आधी एवढंच बघा की दोन सभागृहांचं पटलं नाही तर पुढे काय होतं, किती दिवस थांबायचं, मग कोण कुठे बसणार, मतं कशी मोजणार आणि शेवटी कुणाचं चालणार. संविधानातलं हे एक कलम शोधून नीट वाचलंत की त्या देशातला तोल बराचसा कळतो, बाकीची कलमं सावकाश वाचली तरी चालतात.

आपलं १०८ कलमच घ्या. साधं बिल दुसऱ्या सभागृहाने फेटाळलं, किंवा दुरुस्त्यांवर दोघांचं जुळलंच नाही, किंवा बिल सहा महिन्यांहून जास्त काळ नुसतं पडून राहिलं, तर राष्ट्रपती संयुक्त बैठक बोलावू शकतात. वाचायला किती समतोल वाटतं, दोघांनी एकत्र बसा आणि ठरवा. पण खुर्चीत असतात लोकसभेचे अध्यक्ष, आणि डोकी मोजायची तर लोकसभा ५४३ आणि राज्यसभा २४५, म्हणजे लोकसभेत बऱ्यापैकी बहुमत असलेल्या सरकारचं बिल राज्यसभेत आपटलं तरी संयुक्त बैठकीत ते काढून नेता येतं. आजवर हे तीनदाच झालं, १९६१ ला हुंडाबंदीचं बिल, १९७८ ला बँकिंग सेवा आयोग रद्द करण्याचं आणि २००२ ला पोटा हे दहशतवादविरोधी बिल, जे ४२५ विरुद्ध २९६ मतांनी पास झालं. तीनदाच वापरलं म्हणजे कलम निकामी आहे असं कुणी म्हणालं की मला गंमत वाटते, कारण हा रस्ता उघडा आहे हे दोन्ही बाजूंना पक्कं माहीत असतं आणि आधीच्या सगळ्या वाटाघाटी त्याच हिशोबाने होतात.

आता तीच राज्यसभा, तेच खासदार, पण बिल घटनादुरुस्तीचं असेल तर चित्र उलटं. ३६८ कलमाखाली प्रत्येक सभागृहाने वेगवेगळ्या विशेष बहुमताने पास करायचं, संयुक्त बैठकीची सोयच नाही. १९७० मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद करायची घटनादुरुस्ती लोकसभेत पास झाली आणि राज्यसभेत १४९ विरुद्ध ७५ वर अडकली. २२४ चे दोन तृतीयांश करून बघा, १४९.३३ येतात. म्हणजे एका मताचा तिसरा हिस्सा कमी पडला आणि बिल गेलं, मग १९७१ ची निवडणूक झाल्यावर २६ वी दुरुस्ती करून तनखे गेले. १९७८ मध्ये जनता सरकारकडे लोकसभेत दणदणीत बहुमत होतं, राज्यसभा मात्र काँग्रेसच्या हातात, तर आज जी ४४ वी दुरुस्ती आपण वाचतो तिच्यातून सार्वमताची तरतूद राज्यसभेत गळाली आणि सरकारला ते मान्य करावं लागलं. १९८९ ला पंचायत राजचं बिल राज्यसभेत पडलं, ७३ वी दुरुस्ती यायला १९९२ उजाडलं. तेव्हा "राज्यसभा दुबळी आहे का ताकदवान" या प्रश्नाला एक उत्तर नाही. डेडलॉक, म्हणजे दोन सभागृहांची कोंडी, सोडवायचं कलम जिथे लागू आहे तिथे ती दुबळी, जिथे नाही तिथे बरोबरीची, इतकं सरळ आहे.

यातूनच माझा मुख्य मुद्दा निघतो. बिलांच्या कॅटेगरी केल्या आणि प्रत्येक कॅटेगरीला वेगळा रस्ता दिला की खरी सत्ता जाते ती हे बिल कुठल्या कॅटेगरीत हे ठरवणाऱ्याकडे. संविधान सुधारणेचे मसुदे बघताना मी सगळ्यात आधी हीच जागा हुडकतो आणि बहुतेक वेळा लिहिणाऱ्यांनी ती दोन ओळींत उरकलेली असते.

उदाहरण आपल्याच घरचं. धनविधेयक असेल तर राज्यसभेला १४ दिवस मिळतात आणि फक्त शिफारशी करता येतात, लोकसभेने त्या मानल्या तर मानल्या. ११० कलम म्हणतं की बिलात फक्त कर, कर्ज, संचित निधी (सरकारची मुख्य तिजोरी) असल्या यादीतल्या गोष्टी आणि त्यांना अनुषंगून येणारं असेल तरच ते धनविधेयक. आणि वाद झाला तर? अध्यक्षांचा निर्णय अंतिम. २०१६ ला आधारचं बिल धनविधेयक म्हणून आलं, ११ मार्चला लोकसभेत पास झालं, १६ मार्चला राज्यसभेने पाच दुरुस्त्या सुचवून परत पाठवलं आणि त्याच दिवशी लोकसभेने त्या सगळ्या नाकारल्या. संपलं. सरकारचं राज्यसभेत बहुमत नव्हतं, तरी हे धनविधेयक आहे या अध्यक्षांच्या एका सर्टिफिकेटने राज्यसभा बाजूला झाली. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये ४ विरुद्ध १ ने ते चालवून घेतलं, न्यायमूर्ती चंद्रचूडांचं मत विरोधात होतं, आणि मग २०१९ ला रॉजर मॅथ्यू प्रकरणात कोर्टालाच वाटलं की हा मुद्दा मोठ्या बेंचने बघावा. या निकालांवर वाद घालायला खूप जण आहेत, मी त्यात पडत नाही. ड्राफ्टिंगच्या अंगाने मला दिसतं ते असं की ज्या सभागृहाला फायदा होणार त्याच्याच अध्यक्षाकडे वर्गवारीचा शेवटचा शब्द देऊन ठेवलाय आणि त्याने कुणाला विचारावं अशी अटही घातलेली नाही.

ब्रिटनच्या १९११ च्या पार्लमेंट ॲक्टमध्ये, जिथून ही कल्पना आली, तिथेही सर्टिफिकेट कॉमन्सच्या, म्हणजे खालच्या सभागृहाच्या, स्पीकरचंच आणि तेही कोर्टात आव्हान न देता येण्यासारखं. पण तिथे एक छोटी अट आहे, शक्य असेल तर स्पीकरने तालिका सभापतींसारख्या (स्पीकरच्या जागी कामकाज चालवणाऱ्या सदस्यांच्या) पॅनेलमधल्या दोघांचा सल्ला घ्यायचा. आणि तिथल्या स्पीकरांनी "फक्त" ही अट इतकी कडक धरली की कितीतरी वर्षांच्या फायनान्स बिलांनासुद्धा धनविधेयकाचं सर्टिफिकेट मिळालेलं नाही, कारण आत कुठेतरी कराशी संबंध नसलेलं एखादं कलम होतं. कायद्याचा मजकूर जवळपास सारखा, वापर किती वेगळा बघा. त्यामुळे नवीन मसुदा लिहिताना सवय आणि परंपरा सांभाळून घेईल असं धरून चालू नका. वर्गवारी करायला दोन्ही सभागृहांची छोटी समिती ठेवा, किंवा कोर्टाला तपासता येईल असं तरी लिहा.

जपानची केस याहून मजेशीर आहे. तिथे बजेटवर खालच्या सभागृहाचं चालतं, वरच्याने ३० दिवसांत काही केलं नाही तरी बजेट पास. साध्या बिलावर वरच्याने नकार दिला तर खालच्याला दोन तृतीयांश मतांनी परत पास करावं लागतं. आता बजेट पास झालं, पण त्यातली तूट भरायला जे बाँड काढायचे त्याचं बिल वेगळं आणि ते साधं बिल! म्हणजे खर्च मंजूर, पैसा नामंजूर. २०११ मध्ये पंतप्रधान नाओतो कान यांच्या पक्षाकडे वरच्या सभागृहात बहुमत नव्हतं आणि दोन तृतीयांशही नव्हते, शेवटी हे बाँडचं बिल पास झालं की मी जातो असं त्यांना कबूल करावं लागलं आणि ते गेले. पुढच्या वर्षी पंतप्रधान नोडांच्या वेळेला पुन्हा तेच बिल सौद्यात होतं आणि त्यातून निवडणूकच लागली. कागदावर वरच्या सभागृहाला सरकार पाडायचा अधिकार नाही. पण बजेट आणि त्याचा पैसा वेगवेगळ्या रस्त्यांवर टाकल्यामुळे व्यवहारात तो मिळाला, आणि हे कुणी मुद्दाम लिहिलेलं नव्हतं.

ऑस्ट्रेलियात तर १९७५ ला सरकार गेलंच. तिथल्या सिनेटला अर्थविषयक बिलात दुरुस्ती करता येत नाही पण फेटाळता येतं, आणि त्यावेळी विरोधकांनी फेटाळलंही नाही, नुसतं पुढे ढकलत राहिले. डबल डिझोल्यूशन नावाचं भारी कलम त्यांच्याकडे आहे, दोन्ही सभागृहं बरखास्त करून निवडणूक, तरीही न पटल्यास संयुक्त बैठक, पण त्याला तीन महिन्यांचं अंतर ठेवून बिल दोनदा फेटाळलं जावं लागतं. तिजोरी मात्र काही आठवड्यांत रिकामी होणार. थोडक्यात डेडलॉकचं घड्याळ आणि पैशाचं घड्याळ वेगवेगळ्या वेगाने चालत होतं, आणि शेवटी ११ नोव्हेंबरला गव्हर्नर जनरलने पंतप्रधान व्हिटलम यांना बडतर्फ केलं. नंतर १९७७ ला सार्वमत घेऊन काय दुरुस्त केलं, तर सिनेटमधली अधेमधे रिकामी होणारी जागा त्याच पक्षाच्या माणसाने भरायची, कारण १९७५ च्या आधी दोन राज्यांनी तिथे चलाखी केली होती. पैसा अडवायचा अधिकार आहे तसाच राहिला. मला विचाराल तर रोग बाजूलाच राहिला आणि एका लक्षणावर औषध झालं, पण सार्वमतात जेवढं पास होईल तेवढंच आणायचं असतं हेही खरंच.

इटलीबद्दल सगळे विचारतात. तिथे १९४८ पासून दोन्ही सभागृहं अगदी समान, दोघांनाही सरकारवर विश्वास दाखवावा लागतो, बिल एकाच मजकुरात दोघांनी पास करेपर्यंत इकडून तिकडे फिरत राहतं आणि हे फिरणं थांबवायला कलमच नाही. त्यात दोघांचे निवडणूक नियम थोडे वेगळे केले की संपलंच, २०१३ ला एका आघाडीला खालच्या सभागृहात बोनस जागांमुळे (पहिल्या येणाऱ्याला मिळणाऱ्या जादा जागा) स्पष्ट बहुमत मिळालं आणि सिनेटमध्ये मिळालंच नाही कारण तिथला बोनस प्रांतवार होता. २००८ ला प्रोदी सरकार सिनेटमधल्या विश्वासमतावर पडलं तेही असंच काठावरचं बहुमत होतं म्हणून.

मग २०१६ ला पंतप्रधान रेन्झींनी सुधारणा आणली, सिनेट ३१५ वरून १०० वर, बहुतेक जण प्रांतांतून आणि महापौरांतून येणार, विश्वासमत फक्त खालच्या सभागृहाकडे. कल्पना वाईट नव्हती. पण ड्राफ्ट बघा. जुनं ७० वं कलम इटालियनमध्ये नऊ शब्दांचं होतं, कायदे करण्याचं काम दोन्ही सभागृहं मिळून करतात, बास. नवीन कलम चारशेच्या वर शब्दांचं! कुठल्या विषयाला दोघांची संमती, कुठल्या विषयावर सिनेटने दहा दिवसांत तपासणी मागायची, कुठे ठराविक बहुमत, आणि त्यात इतर कलमांचे इतके संदर्भ की कायदे करायचे एकूण मार्ग किती झाले यावर तिथल्या घटनातज्ज्ञांचंच एकमत होईना. वाद झाला तर दोन्ही सभागृहांच्या अध्यक्षांनी एकत्र बसून ठरवायचं. आणि पटलं नाही तर? लिहिलेलं नाही. म्हणजे एक अडवणूक काढून दहा नव्या अडवणुकींना दारं उघडी करून ठेवली. विरोधकांना सार्वमताच्या प्रचारात ते कलम नुसतं मोठ्याने वाचून दाखवलं तरी पुरत होतं. ४ डिसेंबरला साधारण ५९ टक्के लोकांनी नाही म्हटलं आणि रेन्झी गेले, अर्थात त्यांनी स्वतःचं पद पणाला लावल्यामुळे अर्धं मतदान त्यांच्यावरच झालं. राष्ट्राध्यक्ष द गॉल यांनी १९६९ ला फ्रान्समध्ये सिनेटच्या सुधारणेवर हेच केलं होतं आणि तेही असेच गेले, तरी नवीन नेत्यांना हा मोह होतोच. पुढे २०२० ला इटलीत सार्वमतात काय पास झालं, तर फक्त खासदारांची संख्या कमी करणं, ६३० चे ४०० आणि ३१५ चे २००. तोल होता तिथेच.

आता जिथे जमलं त्याबद्दल. माझ्या बघण्यातली सगळ्यात स्वच्छ दुरुस्ती जर्मनीची, २००६ ची. तिथे बुंडेसराटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, राज्य सरकारंच बसतात, प्रत्येक राज्याची मतं एकगठ्ठा पडतात. काही कायद्यांना त्यांची संमती लागतेच, बाकीच्यांवर नुसता आक्षेप घेता येतो जो खालचं सभागृह मोडून काढू शकतं. अडचण अशी झाली की संमती लागणारे कायदे वाढत वाढत निम्म्याच्या वर गेले. का, तर केंद्राच्या कायद्याची अंमलबजावणी राज्यं करतात, आणि केंद्राने कायद्यात अर्ज कुठल्या ऑफिसने घ्यायचा, कार्यपद्धती काय, असं एखादं कलम टाकलं की ८४ व्या कलमामुळे सगळ्या कायद्यालाच बुंडेसराटची संमती लागायची. त्यांनी बुंडेसराटच्या अधिकारांना थेट हात लावला नाही. ८४ मध्ये बदल असा केला की केंद्राने कार्यपद्धती खुशाल ठरवावी, पण राज्याला ती नको असेल तर त्याने स्वतःचा वेगळा नियम करावा. म्हणजे राज्यांना संमतीच्या बदल्यात वेगळं वागायची मुभा मिळाली, शिवाय काही विषय कायमचे राज्यांकडे गेले. राज्यांनी स्वतःहून हो म्हटलं, कारण हातातलं एक जाऊन दुसरं मिळत होतं. व्हेटो कुठून उगवतो ते शोधलं आणि तिथेच तोडलं. शिवाय त्यांची मध्यस्थी समिती, दोन्हीकडचे १६ - १६, आणि तिथे बसलेले राज्यांचे प्रतिनिधी आपापल्या सरकारच्या आदेशाला बांधलेले नसतात, हे बारीक कलम फार कामाचं आहे, त्याशिवाय तडजोड होतच नाही.

हे का सांगतोय, तर बहुतेक ठिकाणी वरच्या सभागृहाचा अधिकार कमी करायला त्याच सभागृहाचं मत लागतं. ब्रिटनमध्ये १९११ ला लॉर्ड्सनी, म्हणजे तिथल्या वरच्या सभागृहाने, मान्य केलं ते राजाने शेकडो नवे लॉर्ड नेमायची तयारी दाखवली म्हणून, आणि मिळालं काय तर नकाराच्या ऐवजी दोन वर्षांचा उशीर, जो १९४९ ला एक वर्षावर आला. न्यूझीलंडने १९५० मध्ये वरच्या सभागृहात मुद्दाम असे लोक नेमले की जे सभागृह बंद करायच्या बाजूने मत देतील, आणि १९५१ पासून ते नाही. कॅनडात सुप्रीम कोर्टाने २०१४ ला सांगून टाकलं की सिनेट रद्द करायचं तर सगळ्या प्रांतांची संमती पाहिजे, म्हणजे विषय बंद. आणि खालच्या सभागृहातले लोक सुधारणा मनापासून मागतात असंही समजू नका. २०१२ ला लॉर्ड्स बहुतांशी निवडून यावेत असं बिल कॉमन्समध्ये दुसऱ्या वाचनात ४६२ विरुद्ध १२४ ने पास झालं, पण चर्चेला किती दिवस द्यायचे त्या वेळापत्रकाचा ठराव पास होणार नाही हे दिसल्यावर सरकारने तो मांडलाच नाही आणि बिल तिथेच मेलं. निवडून आलेलं वरचं सभागृह उद्या आपल्याला जुमानणार नाही ही भीती खालच्यांना असतेच, आणि ती रास्त आहे. रचना आणि अधिकार या दोन गोष्टी वेगवेगळ्या बिलांत बदलू नयेत असं माझं मत त्यामुळेच आहे.

रद्द करण्याबद्दल फार लिहित नाही. डेन्मार्क १९५३, स्वीडन १९७० च्या आसपास, दोघांचं काही बिघडलेलं दिसत नाही, पण दोन्ही ठिकाणी अल्पमतातली सरकारं आणि समित्यांची मजबूत पद्धत आहे, म्हणजे ब्रेक दुसरीकडे बसवलेला आहे. आयर्लंडमध्ये २०१३ ला लोकांनी निसटत्या फरकाने रद्द करायला नकार दिला. पेरूने १९९३ च्या संविधानात एकच सभागृह ठेवलं, २०१८ च्या सार्वमतात दुसरं परत आणायला लोकांनी प्रचंड बहुमताने नाही म्हटलं, आणि २०२४ ला काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, स्वतःच घटनादुरुस्ती करून ते परत आणलं. यावर काय बोलणार.

आता विधान परिषद. लोक तिला राज्यातली राज्यसभा समजतात, तसं नाही. संयुक्त बैठक वगैरे काही नाही, १९७ कलमाखाली विधानसभेने पास केलेलं बिल परिषदेने पहिल्यांदा तीन महिने आणि विधानसभेने परत पाठवल्यावर एक महिना धरून ठेवायचं, त्यानंतर ते पास झालं असं समजतात. चार महिन्यांचा उशीर, बस्स. महाराष्ट्रात २८८ विरुद्ध ७८ आहे पण इथे डोकी मोजायची वेळच येत नाही. आणि रद्द करायचं तर १६९ कलम, विधानसभेने एकूण सदस्यसंख्येच्या बहुमताने आणि हजर राहून मत देणाऱ्यांच्या दोन तृतीयांशाने ठराव करायचा, मग संसद साध्या कायद्याने रद्द करते, घटनादुरुस्तीची प्रक्रिया लागत नाही. परिषदेचं मत विचारलंच जात नाही, जगात बाकी कुठे इतकं सोपं मला माहीत नाही. तामिळनाडूची १९८६ ला अशीच गेली. पण संसदेने कायदा कधी करायचा याला मुदत नाही, ठराव दिल्लीत कितीही पडून राहू शकतो. आंध्रने १९८५ ला परिषद रद्द केली, २००७ ला परत आली, जानेवारी २०२० मध्ये राज्याला तीन राजधान्या करायची बिलं परिषदेत अडकल्यावर विधानसभेने रद्द करायचा ठराव करून दिल्लीला पाठवला, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये तोच ठराव मागे घेतला, कारण तोपर्यंत परिषदेतलं पारडं सत्ताधाऱ्यांच्या बाजूला झुकलेलं होतं.